आधी कागद, मग कोर्ट, मग निर्णय: ठाणे-नवी मुंबईतल्या लॉच्या विद्यार्थ्यांसाठी सीईटीपासून सनदेनंतरच्या तीन वर्षांपर्यंत

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दर सुट्टीत दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे इंटर्नशिपला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, सिव्हिल करू की क्रिमिनल? की कॉर्पोरेटला जाऊ?" मी त्यांना उलट तीन प्रश्न विचारतो. दहावीच्या मार्कशीटवर नाव कसं आहे आणि पदवीच्या मार्कशीटवर कसं? हजेरी किती टक्के झाली? रोजनामा, म्हणजे प्रकरणात रोज काय झालं याची कोर्टाची नोंद, कधी वाचलायस का? बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरं येत नाहीत.

जो निर्णय तीन वर्षांनी घेतला तरी चालतो, तो पहिल्या आठवड्यात घेऊन मोकळे होतात. जो कागद पहिल्या आठवड्यात काढायला हवा, तो सनदेचा (वकील म्हणून नोंदणीचा) फॉर्म भरताना शोधत फिरतात. यात मुलांचं एकेक वर्ष गेलेलं मी पाहिलंय, म्हणून हे लिहितो आहे. खालचे टप्पे करायच्या क्रमानेच दिले आहेत. तुम्ही मधल्या टप्प्यावर असाल तरी आधीचे वाचा. राहून गेलेलं काम तिथेच सापडेल.

## टप्पा १: प्रवेशाआधी

१. पात्रता स्वतः तपासा. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडिया (कायद्याचं शिक्षण आणि वकिली यांचे नियम करणारी संस्था) हिच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आधीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. ४४.८ ला ४५ धरून चालू नका. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना हेच नियम अपात्र ठरवतात. तुमचं तसं असेल तर फी भरण्याआधी कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "होऊन जाईल" याला पुढे कुणी विचारत नाही.

२. कॉलेजची मान्यता पाहा. विद्यापीठाची संलग्नता आणि बार कौन्सिलची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी दोन्ही असल्याची खात्री करा.

३. नावं जुळवा. या टप्प्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. दहावी, बारावी, पदवी, आधार आणि पॅन हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर अक्षर वाचा. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. एवढा फरक समजावून सांगता येतो. पण स्पेलिंगमधला एक "एच" जास्त असेल, वडिलांच्या नावातला "राव" एका कागदावर असून दुसऱ्यावर नसेल किंवा लग्नानंतरचं नाव फक्त आधारवर असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करा. मार्कशीटची दुरुस्ती त्या त्या मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून होते. नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. दोन्हीला वेळ लागतो, आणि तो वेळ आज तुमच्याकडे आहे. माझ्याकडच्या एका मुलीच्या निकालानंतरचे चार महिने वडिलांच्या नावातल्या एका अक्षरापायी गेले. तिच्या बरोबरीची मुलं तोवर कोर्टात उभी राहू लागली होती.

४. दाखले. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास यांतलं जे लागू असेल ते सीईटीचा (लॉ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेचा) निकाल यायच्या आधी हातात हवं. नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्यांवरची मुदत वाचा. गेल्या वर्षीचा दाखला चालेल या भरवशावर कॅप राऊंडला (कॉलेज वाटपाच्या फेरीला) जाऊ नका. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकाल लागल्या दिवशीच करा.

५. सीईटी. प्रश्न इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. बाकी तयारीवर पुष्कळ साहित्य आहे, त्यात इथे जागा घालवत नाही.

६. कॉलेज निवडताना लोकलचा वेळ मोजा. ऐरोली-घणसोलीच्या विद्यार्थ्याने मोठ्या नावापायी चर्चगेटचं कॉलेज घेतलं आणि रोजचे तीन तास प्रवासात गेले, तर हजेरीही जाते आणि कोर्टही. ट्रान्सहार्बरवरून ठाणे, नेरूळ, बेलापूर सहज गाठता येतं. ज्या कॉलेजातून सुटल्यावर दुपारी कोर्ट गाठता येईल, ते कॉलेज मी वरचं मानतो.

सावध: सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कॉलेजांना परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून घोषणापत्र घ्यायला सांगितलं. दाखल गुन्हे, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी, चालू नोकरी आणि हजेरी हे त्यातले मुद्दे. नोकरी करत शिकणार असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र आधी मिळवा आणि खरं ते लिहा. खोटं घोषणापत्र पुढे सनदेच्या वेळी नडतं.

## टप्पा २: कॉलेजची वर्षं

हजेरी ७० टक्के लागते. अपवादात्मक कारणासाठी ६५ पर्यंत सवलतीची तरतूद आहे, पण ती मागून मिळणारी सवलत आहे, हक्काची नाही. दर महिन्याच्या शेवटी आपली हजेरी वहीत लिहा. सत्र संपताना कळून काही उपयोग नसतो.

अभ्यासाचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी गाईड, मग नोट्स, आणि बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) परीक्षेच्या आदल्या रात्री, तोही उघडला तर. तो असा लावून पाहा:

१. विषय सुरू व्हायच्या आधी बेअर ॲक्टची अनुक्रमणिका वाचा. कायद्याचा नकाशा तिथे असतो.
२. रोज तीन कलमं मूळ शब्दांत वाचा. स्पष्टीकरण, परंतुक ("परंतु"ने सुरू होणारा अपवाद) आणि उदाहरणंसुद्धा. कोर्टात अर्धे वाद परंतुकावरच चालतात.
३. मग पाठ्यपुस्तक.
४. शेवटी त्या कलमावरचा एक निकाल, पूर्ण. नुसती हेडनोट (निकालावर छापलेला सारांश) वाचून वाचल्याचं समाधान करून घेऊ नका.

फौजदारी कायद्यात सध्या दोन्ही क्रमांक डोक्यात ठेवावे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि अशी हजारो प्रकरणं बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या यादीवर) आहेत. म्हणून एक तक्ता हाताने करा. फसवणूक: जुनं ४२०, नवं ३१८(४). खून: ३०२ आणि १०३. अटकपूर्व जामीन: ४३८ आणि ४८२. नियमित जामीन सत्र न्यायालयात: ४३९ आणि ४८३. इथे एक खड्डा आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ मध्ये गेले आणि ४८२ वर अटकपूर्व जामीन आला. तोंडी परीक्षेत आणि कोर्टातही लोक इथे घसरतात. विकत मिळणारा तक्ता घेऊ नका. लिहिताना जे डोक्यात बसतं ते वाचताना बसत नाही.

आता भाषा. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं उच्च न्यायालयाचे निकाल भराभर वाचतात आणि ठाण्यात पक्षकाराने पुढे केलेल्या सातबाऱ्यापाशी अडतात. मराठी माध्यमातली मुलं उलट इंग्रजी निकालांना घाबरतात. दोघांनाही सांगणं एकच: आठवड्यातून एक पान दुसऱ्या भाषेत लिहा. एकदा दावा मराठीत, एकदा नोटीस इंग्रजीत. दावा, कैफियत (दाव्याला उत्तर), मनाई अर्ज, पुरशीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), सरतपासणी (आपल्या साक्षीदाराची तपासणी), उलटतपासणी, निशाणी (कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) हे शब्द परीक्षेपुरते नाहीत, रोज कानावर पडणार आहेत. सातबारा, फेरफार आणि प्रॉपर्टी कार्ड वाचायला एखाद्या जुन्या कारकुनाकडून शिका. ते या बाबतीत आम्हा वकिलांपेक्षा चांगले गुरू आहेत.

तपासा: केटी लागली असेल तर ती पुढच्याच संधीला काढा. शेवटच्या वर्षापर्यंत साठवलेल्या केट्यांनी सनद लांबते.

## टप्पा ३: इंटर्नशिप

नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. दर वर्षी चार आठवडे केले तर तीन वर्षांत १२ आणि पाच वर्षांत २० बरोबर भरतात. पहिलं वर्ष "अजून काही येत नाही" म्हणून वाया घालवलं की हे गणित तिथेच मोडतं. काही येत नसतानाच या.

### कुठे, कोणत्या क्रमाने

पहिली इंटर्नशिप तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या वकिलाकडे करा. दुसरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ग्राहक आयोग, कौटुंबिक न्यायालय किंवा कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे. तिसरी उच्च न्यायालयात अपील चालवणाऱ्याकडे. नियमही सांगतो की संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि एकदा तरी अपील चालवणाऱ्या वकिलाबरोबर काम झालेलं असावं. लॉ फर्म त्यानंतर. खालच्या कोर्टात कागद कसा तयार होतो ते पाहिलं नसेल, तर फर्ममध्ये बसून करार तपासताना तो करार उद्या कुठे आणि कसा मोडणार आहे ते दिसत नाही.

नवी मुंबईतल्यांनी हद्द नीट समजून घ्या. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात आणि त्यांचं कोर्ट सीबीडी बेलापूरला आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात आणि त्यांचं कोर्ट पनवेलला आहे. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींसाठी नवी मुंबईचंच. खारघरच्या एफआयआरवर "नवी मुंबई" पाहून बेलापूरला अर्ज टाकायला निघालेला इंटर्न मी स्वतः जिन्यात अडवलाय.

### पहिल्या आठवड्यात काय करायचं

१. साडेदहाला कोर्टात पोचा. बोर्ड वाचा. आपल्या वकिलांची प्रकरणं कितव्या नंबरवर आहेत ते वहीत लिहा.
२. आदल्या रात्री ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) त्या प्रकरणांची स्थिती पाहा. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ठाण्याचा "एमएचटीएच"ने सुरू होतो.
३. पुकारा झाला की कोण उभं राहिलं, काय मागितलं, काय हुकूम झाला, या तीनच ओळी लिहा. मतं लिहू नका.
४. संध्याकाळी रोजनामा तुमच्या तीन ओळींशी ताडून पाहा. तुम्ही ऐकलेलं आणि नोंदवलं गेलेलं यातला फरक रोज थोडा कमी होईल.
५. मग फाईल उघडा. दाव्यापासून सुरू करा, आजच्या तारखेपासून मागे जाऊ नका.

### एक काम बारकाईने

पहिल्या पंधरवड्यात मी प्रत्येक इंटर्नच्या हातात एका निकालाची प्रमाणित प्रत देतो आणि सांगतो, मागचं पान वाच. मुलं निकाल वाचायला लागतात. मी पुन्हा म्हणतो, मागचं पान.

तिथे नक्कल विभागाचा शिक्का असतो. नकलेचा अर्ज कोणत्या तारखेला आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. निळ्या शाईत, बऱ्याचदा पुसट. अपिलाची मुदत या तारखांवर उभी असते. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला आवश्यक वेळ मुदतीतून वगळतात. पण नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही आठ दिवस न्यायलाच गेला नाहीत, तर ते आठ दिवस तुमचे. मग मी एक कॅलेंडर देतो आणि शेवटचा दिवस काढायला लावतो. पहिल्यांदा जवळजवळ सगळे चुकतात: निकालाचा दिवस मोजतात, किंवा अर्ज उशिरा केला तरी निकालापासून नक्कल मिळेपर्यंतचा सगळाच काळ वगळून टाकतात. ही चूक माझ्या टेबलावर झाली तर रबराने खोडता येते.

असाच दुसरा सराव चेक बाउन्सचा. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. पाच काल्पनिक तारखा घ्या आणि पाचही वेळा शेवटचा दिवस काढा. सहाव्या वेळी खरी फाईल मागा.

### डायरी

मूट कोर्ट (खोट्या खटल्याचा सराव) आणि इंटर्नशिपच्या प्रात्यक्षिक विषयात एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचं निरीक्षण, पक्षकाराशी बोलणं, पूर्वतयारी आणि डायरी यांना गुण आहेत. शेवटच्या सत्रात मित्राची डायरी उतरवणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो की तोंडी परीक्षेत "साक्षीदार क्रमांक दोनची उलटतपासणी कशावर झाली?" एवढा एक प्रश्न पुरतो. आणि डायरी ही तुमची पहिली केस लॉ आहे. सनद मिळाल्यावर तुम्ही ती खरोखर उघडाल.

सावध: पक्षकाराच्या कागदाचा फोटो काढून कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नावं झाकूनही नाही. कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांच्या फायलींबाबत तर वकिलांना विचारल्याशिवाय वहीतसुद्धा नाव लिहू नका. बँड आणि गाऊन सनदेनंतरच. "फक्त तारीख घेऊन ये" असं कुणी पाठवलं तरी कोर्टासमोर वकील म्हणून उभं राहायचं नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे तो अधिकार सनद असलेल्याचाच आहे.

## टप्पा ४: आता दिशा ठरवा

शेवटचं वर्ष सुरू झालं, आठ ते सोळा आठवडे कोर्ट पाहून झालं, की मग पहिल्या दिवशीचा तो प्रश्न काढा. उत्तर एव्हाना डायरीत दिसू लागलेलं असतं. कोणत्या फायली तुम्ही सांगितल्याशिवाय घरी वाचल्या, ते पाहा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर क्रम फार कडक आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या (बार परीक्षेआधी मिळणाऱ्या सनदेच्या) तारखेपासून मोजतात. म्हणजे निकालानंतर सनदेला लावलेला प्रत्येक महिना तुमच्या पहिल्या परीक्षेला एक महिना लांब ढकलतो. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम या निकालाने अनुभवात धरलं आहे. अर्ज भरताना एमपीएससीच्या त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट मूळातून वाचा, क्लासच्या पत्रकातून नको.

कंपनीत नोकरी हवी असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवावं लागतं आणि वकिली थांबते. "दोन वर्षं कंपनीत काढतो, मग न्यायाधीशपदाची परीक्षा देतो" असा बेत करणाऱ्यांनी ती दोन वर्षं वकिलीत मोजली जातील असं समजू नये.

कोर्टातली वकिली करायची असेल तर भागाकडे पाहा. ठाण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसताना जमीन सोसायटीच्या नावे करून घेणं), सहकारी संस्थांचे वाद, मोटार अपघात दावे भरपूर आहेत. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याचे भूखंड, साडेबारा टक्के योजनेतल्या (संपादनात जमीन गेलेल्यांना परत मिळालेल्या) जमिनी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीतले कामगार वाद. ही कामं शिकवणारे ज्येष्ठ वकील इथेच आहेत. घराजवळच्या कामाला कमी लेखून रोज फोर्टला जाणारी हुशार मुलं पाहिली की मला वाईट वाटतं.

एलएलएम शिकवायची किंवा संशोधनाची खरी ओढ असेल तर करा. काय करायचं ते कळत नाही म्हणून घेतलेलं एलएलएम प्रश्न तसाच ठेवून पुढच्या वर्षांत नेतं.

## टप्पा ५: सनद

आपली नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते. वय २१ पूर्ण, कायद्याची पदवी आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणं या मुख्य अटी.

१. शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात परिषदेच्या संकेतस्थळावरून कागदपत्रांची चालू यादी उतरवा. सीनियरने पाच वर्षांपूर्वी दिलेली यादी वापरू नका.
२. सगळ्या सत्रांच्या मार्कशीट एका फोल्डरमध्ये लावा. एखादं सत्र गहाळ असेल तर दुसऱ्या प्रतीचा अर्ज त्याच दिवशी करा.
३. निकाल लागताच तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज करा. पदवीदान समारंभाची वाट पाहू नका.
४. फॉर्ममधलं नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आहे ना, हे दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगून तपासा.
५. नोकरीत असाल तर राजीनामा आणि कार्यमुक्तीचं पत्र आधी. दाखल गुन्हा असेल तर तो लपवू नका.

फीबद्दल स्पष्टच लिहितो. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आणि लागू ते मुद्रांक शुल्क. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीसाठी याहून जास्त रक्कम घेता येत नाही. जास्त पैसे कुणी मागितले, तर पावती कशाची मिळणार ते विचारा. एजंटाच्या हातात मूळ मार्कशीट कधीही देऊ नका.

## टप्पा ६: ऑल इंडिया बार परीक्षा

वकिली चालू ठेवायची तर ही परीक्षा सनद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. २०२४ पासून शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही बसू दिलं जाऊ लागलं, त्यामुळे सूचना आली की आपण त्या वर्षी पात्र आहोत का ते लगेच पाहा. १०० प्रश्न, चुकीला दंड नाही. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. मराठीत देता येते.

टिपणं नसलेले बेअर ॲक्ट नेता येतात, आणि चूक इथेच होते. पुस्तक सोबत आहे म्हणून कुणी अभ्यास करत नाही, आणि तिथे अनुक्रमणिका चाळत बसतो. टप्पा २ मधली अनुक्रमणिकेची सवय इथे उपयोगी पडते. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांचे प्रत्येकी १० प्रश्न. न्याय संहिता, साक्ष्य अधिनियम, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्ता गटाचे प्रत्येकी ८. झाले ६२. आधी हे सात पक्के करा.

तपासा: तुमच्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा, चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत का? परीक्षेसाठी कोरा संच वेगळा ठेवा.

## टप्पा ७: पहिली तीन वर्षं

सीनियर निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे यापेक्षा त्यांचे ज्युनिअर कोर्टात उभे राहतात का, ते पाहा. कोर्टरूमच्या मागच्या बाकावर आठवडाभर बसलात तर कळतं. मुदत अर्जाला (तारीख वाढवून मागायला) ज्युनिअर उठतो, की दर वेळी सीनियरच धावत येतात? जिथे उठतो तिथे जा.

पैशाचं आधी बोला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि पुष्कळ ठिकाणी एवढं मिळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "सर, महिन्याला किती द्याल, आणि माझी स्वतःची कामं घेतली तर चालेल का?" हे विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावलं तर ते ऑफिस कसं आहे ते कळलं. घरी सांगताना निदान वर्षभराच्या लोकलच्या पासाचं आणि जेवणाचं गणित मांडून सांगा. पालकांचा विरोध बऱ्याचदा आकडा माहीत नसल्याचा असतो.

जाहिरात करू नका. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला कामासाठी जाहिरात करायला मनाई करतो. "जामिनासाठी संपर्क" असं रील टाकणारी मुलं हा नियम सनदेच्या पहिल्याच महिन्यात मोडतात. कायद्याची माहिती समजावून सांगणं वेगळं, काम मागणं वेगळं.

पहिली स्वतःची कामं मिळवायला विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल (मोफत मदतीसाठी नेमलेल्या वकिलांची यादी) आणि लोकअदालत समजून घ्या. तिथे आलेला पक्षकार गरीब असतो, घाबरलेला असतो आणि तुमच्याकडून त्याला पूर्ण वेळ हवा असतो. त्याच्याशी मराठीत नीट बोलून तारखांचा क्रम काढता आला, तर पुढचा मसुदा अर्धा झाला.

आणि नोंद ठेवा. न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीचं प्रमाणपत्र लागतं. ते त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या दुजोऱ्यासह. तुम्ही तीन वर्षं सीनियरच्या मागे बॅग घेऊन फिरलात आणि एकाही वकालतनाम्यावर (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) तुमचं नाव नसेल, तर दाखवणार काय? म्हणून पहिल्या महिन्यापासून वकालतनाम्यावर सीनियरच्या खाली आपलं नाव घालायची परवानगी मागा. एक साधी वही करा: तारीख, कोर्ट, प्रकरण क्रमांक, काय केलं. ज्या रोजनाम्यात तुमच्या हजेरीची नोंद आहे त्याची प्रत महिन्याला एक-दोन या हिशेबाने जमवत राहा. प्रमाणपत्राचा अर्ज जाहिरात यायच्या आधीच द्या, कारण जाहिरात आली की त्याच टेबलावर शंभर अर्ज येतात आणि फॉर्मची शेवटची तारीख त्या टेबलासाठी थांबत नाही.